कोकराच्या चित्रामागचा नंबर

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. बहिणीला नाही. आई गेली, तिलाही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही सुनंदाला ओळखत नाही. तिला ओळखणाऱ्या एकाही माणसासमोर हे बोलायची माझ्यात हिंमत नाही — कारण तेवढंच आहे, दुसरं मोठं काही नाही.

खरं तर एका वाक्यात मावेल अशी गोष्ट आहे. पण ते वाक्य ओठाशी आलं की मी भलतंच काहीतरी बोलायला लागते. मग आज आधी ते भलतंच बोलून घेते.

नवं शतक लागून सहा-सात वर्षं झाली असतील. हिंगोलीत कॉम्प्युटरचे क्लास जागोजागी निघाले होते, त्यातल्या एका क्लासवर मी शिकवत होते. वडील सरकारी कचेरीत कारकून, आजोळी देवळाची पूजा — आमच्या घरात शिक्षण ही हक्काची गोष्ट होती, पाण्याच्या नळासारखी. मला वाटायचं, क्लासवर सगळ्यांत हुशार मीच. क्लास चालवणाऱ्या सरांनाही तसंच वाटायचं. सुनंदा तिथे शिकवायला येईपर्यंत.

सुनंदा धनगराची. गाव कुरुंद्याच्या बाजूचं. आई-वडील मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने बाहेर, ती मामाकडे राहून शिकलेली. बोलणं अगदी तिकडचं — ‘काहून’, ‘व्हय’, ‘न्हाई’. मी तिची नक्कल फार छान करायची. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की कोणीतरी म्हणायचं, माधुरी, सुनंदाचा आवाज काढ ना. मी काढायची. सगळे हसायचे. सुनंदाही हसायची, म्हणायची, "बराबर माझ्यावानीच बोलतीस की गं!"

तिच्या हसण्यामुळे मला ते निरुपद्रवी वाटायचं? नाही. तिला लागावं म्हणूनच मी करायची. ती हसली की मला रागच यायचा.

तेव्हा रंगीत पडद्याचे, बटणांचे साधे मोबाइल नुकते खेड्यांपर्यंत पोचत होते. त्यांत गेम घालून देणारी दुकानं निघाली होती. सुनंदाने काय केलं — क्लासचं काम संपल्यावर त्याच कॉम्प्युटरवर बसून, एका फाटक्या पुस्तकावरून मोबाइलचे प्रोग्रॅम लिहायला शिकली. कोणी शिकवलं नाही. मला तर ते पुस्तक दहा पानांपुढे समजलं नव्हतं.

आणि तिने आईसाठी एक प्रोग्रॅम केला. आईचं नाव गयाबाई. अक्षरओळख नाही, आकडेही वाचता येत नव्हते. मोबाइल उघडला की पडद्यावर तीन चित्रं. कोकरू म्हणजे सुनंदा. लाल पागोटं म्हणजे कुरुंद्याचा मामा. तराजू म्हणजे मेंढरं घेणारा व्यापारी. चित्रावर येऊन मधलं बटण दाबलं की थेट फोन लागायचा. कोकरू गयाबाईंनी स्वतः निवडलं होतं म्हणे. क्लासवर एकदा त्या आल्या, तेव्हा सरांनी त्यांच्या हातून ते करवून पाहिलं. बटण दाबलं आणि शेजारी उभ्या लेकीच्या हातातला फोन वाजला. गयाबाई दचकल्या, मग इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "माय, हे तर माझं लेकरूच हाये आतमंदी!"

सरांनी औरंगाबादच्या एका कंपनीला कळवलं. तिथली माणसं दिवाळीनंतर येणार होती — अशी निरक्षर बाई हा प्रोग्रॅम खरोखर कसा वापरते ते बघायला. जमलं तर सुनंदाला तिकडे नोकरी. सर मला म्हणाले, "बघ माधुरी, याला म्हणतात डोकं."

हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. एवढ्या वाक्याने माणूस बिघडत नसतो. मी आधीपासून तशीच असणार.

आता त्या प्रोग्रॅमच्या पोटात काय असतं ते थोडं सांगावं लागेल. बाहेरून ती एकच फाइल दिसते. मोबाइलला देताना आपण एकच वस्तू देतो. पण ती खरी एक नसते; गाठोडं असतं. कॉम्प्युटरवर गाठोडं सोडायचं सॉफ्टवेअर असलं की आतल्या वस्तू वेगवेगळ्या दिसतात. काही फाइली उघडल्या तर नुसता कचरा — चौकोन, उलटीसुलटी चिन्हं, कारण ते माणसाने वाचण्यासाठी नसतंच. काही चित्रं. आणि एखादी छोटीशी, साध्या मजकुराची फाइल, जिच्यात ठरवून दिलेलं असतं की कशाने काय व्हावं. सुनंदाच्या गाठोड्यात अशी फाइल होती. तीन ओळींची. प्रत्येक ओळीत चित्राचं नाव आणि पुढे काही इंग्रजी अक्षरं.

आकडे नव्हते, अक्षरं होती. तिने नंबर मुद्दाम झाकले होते. मला एकदा सांगितलं होतं तिने — मोबाइलच्या दुकानातली पोरं फाइली उघडून बघतात, पोरीचा नंबर त्यांच्या हाती पडला की तकलीफ होते. म्हणून प्रत्येक आकड्याला तिने एक अक्षर ठरवलं होतं.

ते उलगडायला मला कितीसा वेळ लागला असेल? सुनंदाचा नंबर मला पाठ होता. तो कोकराच्या ओळीखाली लिहिला, अक्षराखाली आकडा. बरेच आकडे तिथेच कळले. मामाचा फोन क्लासच्या नंबरावर नेहमी यायचा, त्यावरून उरलेले. दुपार होती, बाहेर पोरं टायपिंग करत होती, आणि मी इतकी खूश होते! तिचं डोकं मला समजलं होतं. तिने लावलेलं कुलूप मी उघडलं होतं.

तिथे थांबले असते तर?

आईच्या मोबाइलचं काहीतरी बिघडलं म्हणून सुनंदाने तो दुरुस्त करून आणला. सगळं पुसलं गेलं होतं, प्रोग्रॅम परत भरायचा होता. मोबाइलला जोडायची वायर माझ्याकडे होती. ती म्हणाली, "माधुरी, तू भरून ठेव ना गं. संध्याकाळी मामा वारंग्याला चाललाय, त्याच्या हाती धाडून देते." आई-वडिलांचा मुक्काम तेव्हा वारंगा फाट्याच्या पलीकडे एका शेतात होता, शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात, तशी बसवलेली.

मी गाठोडं सोडलं. कोकराच्या ओळीतली अक्षरं पुसली आणि दुसरी लिहिली. परत गाठोडं बांधलं. मोबाइलमध्ये भरलं.

मनात काय होतं? सांगते. पाहुणे येतील, गयाबाई त्यांच्यासमोर बटण दाबतील, लेकीचा फोन वाजणार नाही. सुनंदा सगळ्यांसमोर तोंडावर पडेल. बस. पण मग तिथे कुठलाही बंद नंबर चालला असता, नाही का? मी बंद नंबर घातला नाही. तेव्हा फुकट सिमकार्डं वाटत होते, तसं एक माझ्याकडे होतं, जुन्या मोबाइलमध्ये घातलेलं, कोणालाच ठाऊक नसलेलं. तो नंबर मी घातला.

कारण मला ऐकायचं होतं. धनगराची बाई लेकीशी काय बोलते, ते. ऐकून, नक्कल करून, डब्याच्या वेळी हसवायचं होतं.

पहिला फोन आला तेव्हा मी घरी गच्चीवर हळद निवडत होते. उचलला आणि गप्प राहिले. पलीकडे वारं, मेंढरांचं बेंबें, आणि मोठ्याने, जणू शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तसं, "सुने! ए सुने! जेवलीस का गं?" मी श्वास रोखून हसत होते. त्या थोडा वेळ थांबल्या. "आयकू येऊन राहिलं का न्हाई? बरं, ठेवते. जेवत जा."

असे फोन येत राहिले. गयाबाई मोबाइल बंद करून ठेवायच्या, चार्जिंग टिकावं म्हणून. बोलायचं असलं की चालू करायच्या. त्यामुळे सुनंदाने केलेला फोन त्यांना कधी लागायचाच नाही. सुनंदा म्हणायची, माय फोन करीना, राहिली असंल गुंतून. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलेली असायची. माझ्या पर्समध्ये तिची आई होती.

मी कधी बोलायची नाही, नुसतं ऐकायची. एक कोकरू मेलं. एक शेळी व्याली, दोन पिल्लं. सुनंदासाठी घोंगडी विणायला टाकली. हळूहळू आवाजातला मोठेपणा कमी झाला. एकदा म्हणाल्या, "काहून बोलत न्हाईस माय? माझं काही चुकलं का?"

तेव्हा तरी? — नाही. तेव्हाही नाही.

आता ते वाक्य. बघा, इथवर आलेच शेवटी.

वडिलांच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. सखाराम त्यांचं नाव. मी त्यांना तोवर पाहिलेलं नव्हतं. गयाबाईंचा फोन क्लासच्या वेळेत आला. मी मागच्या जिन्यात गेले. आज त्या हाका मारत नव्हत्या, भराभरा बोलत होत्या. "सुने, तुझ्या बाचा पाय लई सुजला. बोटं काळी पडून राहिली. वास येऊन राहिला गं. ताप उतरंना. कुठल्या दवाखान्यात न्यावं सांग. मामाला सांगू का? तुझा बा न्हाई म्हणतो, मामाचं उपकार नको म्हणतो. तू ये. तू आलीस म्हंजे ऐकंल तो. बोल की माय!"

मी बोलले. सुनंदाच्या आवाजात. डब्याच्या वेळी काढायची तोच आवाज, अगदी बराबर तिच्यावानी.

"माय, मला सारखा फोन नको करत जाऊ. इथं लोक हसून राहिले माझ्यावर. मला माझं काम हाये. तुमचं तुमी बघा."

पलीकडून एवढंच — "बरं बाई." आणि फोन बंद.

आवाज घाबरून निघाला नव्हता माझा. चुकून निघाला नव्हता. पाय काळा पडलाय हे मी ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं. मी जिन्यातून आत आले. सुनंदा भाकरी खात होती, तिने माझ्यासाठी ठेचा बाजूला काढून ठेवला होता. मी खाल्ला. काही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं होतं — खरंच, हेच वाटलं होतं — की आता त्या कोकरू कधी दाबणार नाहीत, पाहुण्यांसमोरसुद्धा नाही. माझं काम झालं.

गयाबाईंनी अखेर पागोटं दाबलं, पण नवऱ्याच्या शब्दाबाहेर जायला त्यांना वेळ लागला. मामा जीप घेऊन गेला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी पाय बघूनच नांदेडला पाठवलं. गुडघ्याखालून पाय कापला. त्यांना साखरेचा आजार होता, तो तोवर कोणाला माहीत नव्हता. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस आधी आणायला हवं होतं.

मी नांदेडला गेले. डबा घेऊन. तिथे वऱ्हांड्यात मामा सुनंदाला सगळ्या नातेवाइकांसमोर बोलत होता. "शिकलेली लेक! माय फोन करून रडली तर म्हणती, लोक हसतेत. बाप पायानं गेला तुझ्या शिक्षणापायी!" सुनंदाला काही उमगत नव्हतं. ती एकसारखी म्हणत होती, "फोन आलाच न्हाई मामा. माझी शप्पथ, एकबी न्हाई आला." गयाबाई भिंतीला टेकून बसलेल्या, लेकीकडे बघतच नव्हत्या. म्हणाल्या, "खोटं तरी नको बोलू. तुझा आवाज मी वळखीत न्हाई व्हय?"

मला कळलं की सुनंदा आता मोबाइल तपासणार. ती तपासणारच, तिचं डोकंच तसं. मी गयाबाईंना म्हटलं, "मावशी, मोबाइल द्या, चार्ज करून आणते." दिला त्यांनी. वर म्हणाल्या, "तुझंच बरं हाये माय, येऊन तरी राहिलीस." मी बाहेर एका इंटरनेटच्या दुकानात बसले. मूळची, न बदललेली फाइल माझ्या ईमेलमध्ये होती; पर्समधली वायर जोडून ती भरली. कोणाला फोन गेले त्याची मोबाइलमधली यादी पुसली. माझं ते सिमकार्ड मोडून गटारात टाकलं. अतिशय नीटनेटकं काम केलं मी. सरांनी बघितलं असतं तर मला डोकं आहे असं म्हणाले असते.

हिंगोलीला परतल्यावर सुनंदाने क्लासच्या कॉम्प्युटरला मोबाइल जोडला. गाठोडं सोडलं. ती छोटी फाइल उघडली. एकेका अक्षरावर बोट ठेवून आकडा पुटपुटत गेली. मी मागे उभी. शेवटच्या अक्षरावर बोट आलं आणि तिथेच थांबलं. नंबर तिचाच होता.

"फाइल तर बराबर हाये," ती म्हणाली. पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचलं. "मंग माय असं काहून म्हणून राहिली?"

इथे मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरल्या असतील गं. नवऱ्याला न्यायला उशीर झाला, त्याचा दोष अंगावर येईल म्हणून तुझं नाव घेतलं असेल. माणूस घेतो असं."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. तिला हे पटवून घ्यायचं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण फाइल समोर उघडी होती. तिने स्वतः लिहिलेली, स्वतः झाकलेली, आता स्वतः वाचलेली. आईच्या शब्दापेक्षा तिचा त्या तीन ओळींवर विश्वास होता, आणि तो मला ठाऊक होता.

पुढच्या भेटीत ती आईला तोंडावर म्हणाली, "माय, तू खोटं बोललीस." तेव्हा मी तिथे नव्हते, मामाकडून कळलं. गयाबाईंनी मोबाइल तेवढा तिच्यासमोर ठेवला. परत कधी हातात धरला नाही.

औरंगाबादचे पाहुणे आले, सुनंदाने त्यांना काही दाखवलं नाही. प्रोग्रॅम क्लासच्या कॉम्प्युटरवरून तिनेच काढून टाकला. मेंढरं विकली, एका पायाचा माणूस त्यांच्यामागे कुठवर फिरणार? वर्षाच्या आत तिचं लग्न पुसदकडे लावून दिलं. क्लास तिने सोडला, तो कायमचाच. तिकडे शेतीच करते, मुलं आहेत, असं ऐकलं. क्लासची मुख्य शिक्षिका मी झाले.

माझ्या लग्नाला गयाबाई आल्या होत्या. मी बोलावलं नव्हतं, मामाबरोबर आल्या. सुनंदाही आली होती, दुसऱ्या बाजूला बायकांत बसली होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. गयाबाईंनी एक घोंगडी आणली होती, काळीभोर, लाल काठाची. माझ्या मांडीवर ठेवली. त्यांचे खरखरीत हात माझ्या गालांवरून फिरवले, कानशिलांवर बोटं मोडली आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझा माणूस दवाखान्यात पडला तवा ही पोरगी डबा घेऊन आली. लेक असावी तर अशी."

घोंगडी कोणासाठी विणायला टाकली होती, ते मला माहीत होतं. मी ऐकलं होतं ना, फोनवर. मी वाकून त्यांच्या पाया पडले. वर उठताना सुनंदा दिसली, मान खाली घालून बसलेली. घोंगडी मी घेतली. हिवाळ्यात पांघरतेसुद्धा. फार ऊब असते तिच्यात.

काही वर्षांनी सुनंदाचा फोन आला. आवाज तोच, तिचा, खरा. गयाबाई वारल्या होत्या. शेवटपर्यंत त्यांनी शब्द फिरवला नव्हता. मरताना जवळच्या बाईला म्हणाल्या होत्या, लेकीचं बोलणं लागलं मला, पण तिला बोलू नका कोणी. सुनंदा म्हणाली, "माधुरी, मरताना तरी माणूस खोटं बोलंल का गं? मला वाटून राहिलं, मायचं खरं असंल. तू भरली व्हतीस ना ती फाइल? त्यात माझाच नंबर व्हता ना? नीट आठवून सांग. तुझ्याशिवाय इचारावं असं कोणी न्हाई मला."

मी थोडं थांबले, आठवत असल्यासारखी. मग म्हणाले, "तुझाच होता, सुनंदा. तू पण वाचलास की माझ्यासमोर."

"व्हय," ती म्हणाली. "वाचला व्हता मी."

तिने फोन ठेवला.